नोंद आणि ताबा : कर्नलच्या दफ्तरातील स्मृतीचे पत्ते

पालघर तालुक्यातील सरावली, कुंभवली, कोलवडे अशा गावांच्या शिवारांतून तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हा तेथील भूमीला, तिच्या मातीत वा जागेत तिळमात्र फरक न पडता, एक दुसरे नाव प्राप्त झाले. गावच्या दफ्तरी जी जमीन सर्व्हे नंबराने वा गट क्रमांकाने ओळखली जात होती, तीच औद्योगिक विकास महामंडळाच्या नकाशावर भूखंड क्रमांकाने ओळखली जाऊ लागली. आणि ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड घेणाऱ्या कारखानदारास आपल्या यंत्रशाळेखाली कोणकोणत्या गटांचे तुकडे एकत्र आले आहेत, याची चौकशी करण्याचे कारण सहसा उरले नाही. परंतु ज्या अंमलदारास मोजणी करावयाची असते, हद्दीचा तंटा मिटवावयाचा असतो किंवा एखादी जलवाहिनी अनेक भूखंडांखालून न्यावयाची असते, त्यास दोन्ही नावे आणि त्या दोहोंची सांगड घालणारे दफ्तर जवळ बाळगल्यावाचून गत्यंतर नसते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, त्याची स्थिती याच अंमलदारासारखी आहे. सामान्य प्रोग्रामला आभासी पत्ता तेवढा दिसतो. यंत्रातील स्मृतीला भौतिक पत्ता तेवढा कळतो. आणि कर्नल मात्र दोन्ही जगांत एकाच वेळी वावरत असतो.

या प्रश्नाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांतला इतिहास पाहता असे दिसते की, एका पत्त्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याची युक्ती फार पूर्वीच साधली होती. दुर्घट राहिले ते निराळेच: दफ्तरातील नोंद आणि जागेवरचा ताबा यांची फारकत होऊ न देणे. महसुली कायद्यातही सातबाऱ्यावरची नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा मानत नाहीत, हे आपल्याकडे जमिनीशी संबंध आलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. कर्नल लिहिणाऱ्यास ते सत्य दर क्षणी, आणि पुष्कळदा यंत्र कोसळल्यावर, उमगते.

ज्या काळी ही फारकत संभवतच नव्हती, तो काळ महाराष्ट्राच्या भूमीवरच पाहावयास सापडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या आणि १९६० साली रीतसर कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात फेराइट गाभ्यांची स्मृती होती. तिच्यात २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. एवढ्या शब्दांतून एक निवडावयास अकरा बिटांचा पत्ता पुरे होतो. तो पत्ता आज्ञेत लिहिला की तेवढ्याच क्रमांकाच्या गाभ्यांतून विद्युत्प्रवाह जाई. आज्ञावली लिहिणारा स्वतःच खातेदार आणि स्वतःच तलाठी. यंत्र एका वेळी एकाच्याच ताब्यात असल्यामुळे अतिक्रमणाचा प्रश्न उद्भवत नसे. फार तर मनुष्य स्वतःच्याच आज्ञांवर स्वतःचे आकडे लिहून आपला घात करून घेई.

एकाच स्मृतीत दोन आज्ञावल्या नांदू लागल्या तेव्हा तंटा सुरू झाला. दुसऱ्या आज्ञावलीस कोठून जागा मिळेल हे लिहितेवेळी ठरवता येत नाही, म्हणून प्रथम प्रत्येक पत्त्यात एक आधार-संख्या मिळवण्याची आणि मर्यादा ओलांडल्यास हटकण्याची सोय निघाली. पण त्यामुळे प्रत्येकास सलग जागा द्यावी लागे आणि मधल्या रिकाम्या पट्ट्या वाया जात. हा सलगतेचा हट्ट मोडला तो मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस संगणकाने. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या योजनेत स्मृतीची ५१२ शब्दांची समान पाने पाडली होती. १६ सहस्र शब्दांची गाभा-स्मृती आणि ९६ सहस्र शब्दांचे फिरते चुंबकीय पिंप मिळून प्रोग्रामकारास एकच अखंड स्मृती भासावी, अशी व्यवस्था होती. गाभ्यातील ३२ पानांच्या प्रत्येक जागेपाशी एकेक नोंदपात्र असे, आणि मागितलेले पान कोणत्या जागी आहे याचा शोध सर्व नोंदपात्रांत एकसमयावच्छेदे घेतला जाई. पुढे मल्टिक्स आले, आयबीएमची यंत्रे आली, पीटर डेनिंग यांनी १९६८ साली कार्यसंचाची कल्पना मांडून पानांची फाजील ने-आण का होते याचा उलगडा केला. तो भाग पाठ्यपुस्तकांतून इतका घोटला गेला आहे की येथे त्याचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही.

आज आपल्या हाताशी जी यंत्रे आहेत त्यांचा वंश १९८५ च्या इंटेल ८०३८६ या प्रोसेसरपर्यंत नेता येतो, आणि त्याची रचना अद्यापि अभ्यासण्यासारखी आहे. ३२ बिटांच्या आभासी पत्त्याचे १०, १० आणि १२ असे तीन भाग. पहिल्या भागाने निर्देशिकेतील एक नोंद निवडावयाची, तिच्यातून निघालेल्या पेज टेबलातील नोंद दुसऱ्या भागाने निवडावयाची, आणि उरलेल्या बारा बिटांनी ४,०९६ बाइटांच्या पानातील नेमके स्थान गाठावयाचे. एका टेबलात १,०२४ नोंदी, प्रत्येक नोंद चार बाइटांची, म्हणजे टेबलही बरोबर एका पानात मावते. ही काटकसर पाहून रचनाकारांविषयी आदर वाटतो. नोंदीच्या वरच्या वीस बिटांत भौतिक पानाचा क्रमांक, खालच्या बिटांत शेरे: पान हजर आहे काय, लिहिण्याची मुभा आहे काय, सामान्य प्रोग्रामास प्रवेश आहे काय, पान वापरले गेले काय, त्यात बदल झाला काय. ६४ बिटांच्या यंत्रांत हीच चढती उतरंड चार पायऱ्यांची झाली आणि २०१७ पासून लिनक्समध्ये पाच पायऱ्यांचीही सोय आहे. तत्त्व तेच राहिले.

मात्र या रचनेत एक पेच आहे, आणि कर्नलच्या लेखनाचा अर्धा इतिहास त्या पेचातून निघाला आहे. निर्देशिका कोठे आहे हे प्रोसेसरला ज्या नोंदपात्रातून कळते त्यात, आणि टेबलांच्या प्रत्येक नोंदीत, भौतिक पत्ताच लिहावा लागतो. परंतु एकदा रूपांतराची यंत्रणा चालू झाली की कर्नल स्वतः जे काही वाचतो वा लिहितो ते आभासी पत्त्यानेच. टेबल दुरुस्त करावयाचे तर त्या टेबलाचा आभासी पत्ता हवा. तो पत्ता चालण्यासाठी त्याची नोंद कोणत्यातरी टेबलात आधीच हवी. दफ्तरखान्याची किल्ली दफ्तरखान्यातच ठेवल्यासारखा हा प्रकार. प्रारंभाचा क्षण तर त्याहून अवघड, कारण यंत्रणा चालू करणारी आज्ञा आणि तिच्या लगेच पुढची आज्ञा यांच्या दरम्यान सर्व पत्त्यांचा अर्थ पालटतो. एमआयटीत विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या एक्सव्ही६ या छोट्या कर्नलच्या मूळ x86 आवृत्तीत याचा उलगडा निर्मळपणे पाहता येतो: कर्नल भौतिक स्मृतीत १ मेगाबाइटपाशी ठेवलेला, पण वास्तव्याचा आभासी पत्ता षोडशमान पद्धतीने ८००००००० च्या पुढचा, म्हणून आरंभीच्या तात्पुरत्या सारणीत पहिले चार मेगाबाइट दोनदा नोंदवतात, एकदा शून्यापासून आणि एकदा ८००००००० पासून. जुन्या नावाने चालत असलेली आज्ञा नव्या नावावर उडी घेते, आणि मग जुनी नोंद निरुपयोगी होते.

लिनक्सने नित्याच्या कारभारासाठी याच युक्तीचा विस्तार केला. सगळी भौतिक स्मृती, एक ठराविक अंतर मिळवून, कर्नलच्या आभासी क्षेत्रात जशीच्या तशी मांडून ठेवावयाची, की भौतिक पत्त्यावरून आभासी पत्ता आणि उलट हे केवळ बेरीज-वजाबाकीचे काम उरते. या सरळ मांडणीने कर्नलचे लेखन कमालीचे सोपे झाले. परंतु ३२ बिटांच्या यंत्रात एकंदर ४ गिगाबाइटांपैकी तीन प्रोग्रामास आणि एक कर्नलला अशी वाटणी होती. त्या एकातूनही अन्य उपयोगांसाठी १२८ मेगाबाइट राखून सरळ मांडणीस ८९६ मेगाबाइट उरत. यंत्रांत त्याहून अधिक स्मृती बसू लागल्यावर वरची स्मृती कर्नलच्या स्वतःच्याच डोळ्यांआड गेली आणि लागेल तेव्हा तात्पुरत्या नोंदीने ती पुढ्यात आणण्याची किचकट पद्धत पतकरावी लागली. ६४ बिटांच्या विस्तीर्ण क्षेत्राने ती अडचण निवारली. ती पद्धत विस्मृतीत जात आहे याबद्दल कोणी हळहळेल असे वाटत नाही.

भौतिक पत्त्याचा खरा जाच सुरू होतो तो यंत्राला बाह्य उपकरणे जोडली म्हणजे. कर्नलमध्ये स्मृती मागण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत: केमॅलॉकने मिळालेली जागा भौतिक दृष्ट्याही सलग असते, व्हीमॅलॉकने मिळालेली जागा केवळ नोंदीत सलग असते आणि प्रत्यक्षात तिची पाने चहूकडे विखुरलेली असू शकतात. प्रोग्रामला या भेदाचे सोयरसुतक नाही. डिस्क किंवा नेटवर्कचे कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट स्मृतीत लिहिते, त्याला मात्र प्रोसेसरची पेज टेबले ठाऊक नसतात. त्याला सलग जागा आणि स्वतःला कळेल असा पत्ता लागतो. जुनी आयएसए कार्डे २४ बिटांपलीकडचा पत्ता उच्चारूच शकत नसत, म्हणून पहिले १६ मेगाबाइट त्यांच्यासाठी राखीव ठेवण्याचा रिवाज पडला, आणि तो रिवाज, ती कार्डे दिसेनाशी झाल्यावरही, दफ्तरात दीर्घकाळ टिकला.

उपकरणाच्या अंगची नोंदपात्रे स्मृतीच्याच पत्त्यांवर मांडण्याची पद्धत तर तारापूर वसाहतीच्या कारखान्यांतील लहानसहान नियंत्रक पाट्यांपासून प्रयोगशाळेतील यंत्रांपर्यंत सर्वत्र आढळते. तिचे स्वरूप समजून घ्यावयास रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकासारखे दुसरे साधन नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो हटकून असतो. त्यावरचा एक दिवा पेटवणारे नोंदपात्र घ्या. चिपच्या अधिकृत पुस्तिकेत त्या विभागाचा पत्ता ७ई२००००० असा छापलेला आहे; पहिल्या पायवर प्रोसेसरच्या दृष्टीने तोच विभाग २०२००००० येथे आहे; दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत तो ३एफ२००००० येथे गेला, चौथ्या आवृत्तीत एफई२००००० येथे; आणि कर्नल चालू असताना ड्रायव्हरला याहून निराळाच आभासी पत्ता मिळतो. यांपैकी एकही खोटा नाही. पुस्तिकेतला पत्ता हा आतील वाहिनीचा, दुसरा प्रोसेसरचा, तिसरा कर्नलचा. ज्यांनी पहिल्या पायसाठी लिहिलेल्या प्रोग्रामात २०२००००० हा आकडा कोरून ठेवला होता, त्यांचे प्रोग्राम २०१५ साली दुसरा पाय आल्यावर निकामी झाले. आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत हा विभाग मूळ चिपमधून निघून पीसीआय एक्स्प्रेसच्या पलीकडच्या एका वेगळ्या चिपवर गेल्याने, थेट नोंदपात्रांना हात घालणारी ग्रंथालये पुन्हा एकदा कोलमडली. ज्यांनी कर्नलच्या मार्फत अर्ज केला त्यांचे काम चालू राहिले.

हा अर्ज म्हणजे आयओरीमॅप. त्याचे काम केवळ नोंद करून देण्याचे आहे असे पुष्कळ नवशिके समजतात, आणि मिळालेल्या पत्त्यावर साध्या स्मृतीप्रमाणे वाचू-लिहू लागतात. परंतु उपकरणाचे नोंदपात्र ही स्मृती नव्हे: ते वाचल्यानेच कधी त्यातील मजकूर बदलतो, एकच मूल्य दोनदा लिहिल्यास दोन कृती घडतात, आणि लेखनाचा क्रम उलटला तर यंत्र भलतेच काही करून बसते. म्हणून ती पाने कॅशमध्ये साठवू नयेत असा शेरा नोंदीवर मारावा लागतो, आणि संकलकाने वा प्रोसेसरने क्रमात ढवळाढवळ करू नये म्हणून वाचन-लेखनाची खास कार्ये वापरावी लागतात.

येथून आपण फारकतीच्या मुख्य प्रश्नावर येतो. प्रत्येक पत्त्यासाठी चार-पाच टेबले चाळणे परवडत नाही, म्हणून प्रोसेसर अलीकडे वापरलेल्या नोंदींच्या नकला टीएलबी नामक लहानशा साठ्यात बाळगतो. कर्नलने मूळ नोंद रद्द केली तरी नक्कल आपोआप रद्द होत नाही. प्रोसेसरचे अनेक गाभे (कोअर) असलेल्या यंत्रात प्रत्येक गाभ्याजवळ आपापल्या नकला असतात. एखादे पान परत घेऊन दुसऱ्यास द्यावयाचे तर आधी सर्व गाभ्यांना व्यत्ययाचा हुकूम पाठवून नकला फाडावयास लावणे आणि त्यांची पोच येईपर्यंत थांबणे भाग असते. पोच येण्यापूर्वी पान दुसऱ्याच्या नावे चढले, तर जुना वहिवाटदार नव्या मालकाच्या जागेत निर्वेधपणे लिहीत राहतो. अशा चुका प्रयोगशाळेत दिसत नाहीत. यंत्रावर भार वाढला, की अकस्मात, आणि गुन्हा घडला त्या जागेपासून फार दूर, त्या प्रकट होतात. उपकरणांनाही स्वतंत्र पेज टेबल देणारी आयओएमएमयू ही सोय आल्यावर स्वैर लिहिणाऱ्या कार्डास आवर बसला खरा, पण दफ्तरे एकाची दोन झाली आणि दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी कर्नलच्याच शिरी आली. आभासी यंत्रे चालवणाऱ्या मोठ्या संगणकांत तर पाहुण्या कर्नलला जो पत्ता भौतिक वाटतो तोही यजमानाच्या लेखी आभासीच असतो. आणि अखेरचा म्हणून जो पत्ता हाती उरतो, त्याचे स्मृती-नियंत्रक पुन्हा चिप, पेढी, ओळ आणि स्तंभ असे विभाजन करतो, तेव्हा भौतिक हे विशेषण कोठवर खरे मानावे असा प्रश्न पडतो. माझ्या मते ते सापेक्षच मानावे: आपल्या खालच्या पायरीला जे नाव कळते ते भौतिक.

गेल्या दशकात या प्रश्नाला गोपनीयतेचे अंग फुटले. २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, डीरॅमची एक ओळ वारंवार वाचत राहिल्यास शेजारच्या ओळीतील बिटे उलटू शकतात. पुढच्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी त्या दोषाच्या आधारे कर्नलचे अधिकार हस्तगत करून दाखवले. शेजारची ओळ कोणती हे कळण्यास भौतिक पत्ता उपयोगी पडतो, म्हणून लिनक्समध्ये सामान्य प्रोग्रामला स्वतःच्या पानांचे भौतिक क्रमांक वाचण्याची जी मुभा होती ती काढून घेण्यात आली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला, तेव्हा धक्का अधिक मोठा होता: प्रवेश नसल्याचा शेरा नोंदीवर असूनही, इंटेलचे प्रोसेसर अंदाजाने पुढच्या आज्ञा चालवताना ती स्मृती वाचत आणि तिचा माग कॅशमध्ये राही. कर्नलच्या सोयीसाठी सगळी भौतिक स्मृती एकाच जागी मांडलेली असल्यामुळे त्या एका फटीतून सगळेच दिसण्याजोगे झाले. उपाय म्हणून प्रोग्राम चालू असताना कर्नलची बहुतेक नोंदच टेबलातून वगळण्यात आली, आणि प्रत्येक प्रवेशागणिक टेबल बदलण्याचा भुर्दंड यंत्रांवर पडला.

हा सगळा व्याप नाकारणारी एक परंपरा आहे, आणि तीही आपल्या परिसरात दिसते. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. तो इनमॉसच्या टी८०० ट्रान्सप्यूटरवर आधारलेला होता, आणि त्या प्रोसेसरात पत्ता-रूपांतराची यंत्रणा मुळीच नव्हती. त्याचे पत्ते तर चिन्हांकित संख्या मानले जात, आणि चिपवरची चार किलोबाइटांची वेगवान स्मृती सर्वांत खालच्या ऋण पत्त्यापासून सुरू होई. एका शिवाराचे हिस्से पाडून राखणदारी करण्यापेक्षा प्रत्येक प्रोसेसरला त्याची निराळी स्मृती द्यावी आणि परस्परांशी केवळ निरोपांनी व्यवहार करावा, हा त्या रचनेचा बाणा होता. असाच नकार सुरक्षेच्या कारणानेही दिला जातो. ज्या अणुविद्युत केंद्रामुळे तारापूरचे नाव देशभर झाले, त्याचे १९६९ चे पहिले दोन संच रिले आणि ॲनालॉग उपकरणांच्या युगातले. २००५-०६ साली सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या-चौथ्या संचांच्या काळापर्यंत नियंत्रणात संगणकांनी प्रवेश केला होता. सुरक्षेशी निगडित अशा संगणकांविषयीचा जगन्मान्य दंडक असा की, चालू असताना स्मृती मागू नये, पाने डिस्कवर ढकलू नयेत, प्रत्येक वस्तूची जागा आधीच मुक्रर असावी. तेथे टिफ्रॅकच्या काळातले ऐक्य हेतुपुरस्सर जपले जाते, कारण नोंदच नसेल तर ती शिळी होण्याचे भय नाही.

आपल्या विद्यापीठांतून हा विषय शिकवला जातो त्यात मात्र समतोल नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. अच्युत गोडबोले यांचा कार्यप्रणालींवरील ग्रंथ किंवा मुंबईच्या आयआयटीतील धनंजय धामधेरे यांची पुस्तके यांनी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, यात शंका नाही. परंतु परीक्षेत विचारले जाते ते पानांच्या अदलाबदलीचे गणित, कोणते पान बाहेर काढावे आणि पेज फॉल्ट किती होतील हे. स्मृती मुबलक झाल्यावर त्या गणिताचे महत्त्व पुष्कळ घटले, आणि ज्याशी ड्रायव्हर लिहिताना पहिल्याच दिवशी गाठ पडते ते उपकरणांचे पत्ते, कॅशचे शेरे, नकलांचा निचरा, हे सगळे प्रात्यक्षिकाच्या वाट्याला सोडले जाते. पवईच्या आयआयटीत घडलेला अजित हा प्रोसेसर स्पार्क-व्ही८ या खुल्या आज्ञासंचावर उभा आहे, आणि त्या आज्ञासंचाच्या संदर्भ-रचनेत ३२ बिटांचा आभासी पत्ता तीन पायऱ्यांच्या टेबलातून ३६ बिटांच्या भौतिक पत्त्यावर नेलेला आहे. एवढे सुबक उदाहरण घरचेच असताना ते वर्गात क्वचित येते, याचे आश्चर्य वाटते.

सध्याचा वाद सरळ मांडणीविषयीच आहे. २०२१ च्या लिनक्स ५.१४ मध्ये अशी एक सोय आली, की प्रोग्रामने आपली गुप्त पाने जाहीर केली म्हणजे कर्नल ती आपल्या सरळ मांडणीतून काढून टाकतो आणि नित्याच्या वाटेने स्वतःसही ती वाचता येऊ देत नाही. ही दिशा पुढे न्यावी, सगळ्या प्रोग्रामांची पाने अशीच दृष्टीआड करावीत, असे म्हणणारा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, सरळ मांडणी २ मेगाबाइट व १ गिगाबाइटच्या मोठ्या पानांनी नोंदवलेली असल्यामुळेच टीएलबीला परवडते. तिच्यातून चार-चार किलोबाइटांचे तुकडे काढत गेले की मोठी पाने फुटतात, नकला वाढतात, आणि प्रत्येक वेळी सर्व गाभ्यांना हुकूम धाडण्याचा खर्च येतो. दोन्ही पक्षांचे मोजमाप यंत्रागणिक आणि कामागणिक बदलते, त्यामुळे ही सोय सर्वांवर लादण्याऐवजी मागणाऱ्यालाच ती द्यावी, असा तूर्त तोडगा निघाला आहे.